परराज्यातला वासू

३ जून १९८५
आज नोटीस बोर्डावर लावली. मीच लावली, कॉलेजात असली कामं ग्राउंडवाल्याकडेच येतात. "परराज्यातील नामवंत खेळाडूंना फी पूर्ण माफ. राहण्या-जेवणाची सोय." खाली प्रिन्सिपॉलची सही.
मी सातवी नापास, पण मला पण कळलं. मालाडचा, कांदिवलीचा पोरगा कितीही भारी खेळो, फी भर. कर्नाटकचा, पंजाबचा असेल तर ये बाबा, बस, जेव.
जिमखान्याच्या सरांना विचारलं, आपल्या पोरांनी काय घोडं मारलंय? सर म्ह. — अरे बाळा, लोकल पोरं जाणार कुठे? ती येतातच. माल बाहेरून आणावा लागतो.
माल. शब्द सरांचा.

६ जून
बसप्पाला ऑफिसात बोलावलं. कर्नाटकचा. दोन वर्षं आपल्या कबड्डी टीमचा खांब. पकडीत आला की समोरच्याचा घोटा सुटायचा नाही. जानेवारीत त्याचा गुडघा गेला. तेव्हापासून नुसता बसून.
क्लार्क म्ह. — माफी खेळणाऱ्याला असते. खेळत नाहीस, तर यंदाची फी भर, नाहीतर खोली रिकामी कर.
शेडच्या पायरीवर बसला होता. रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं. सर समोरून गेले, घड्याळ बघत. ऑफिसातल्या फोटोत ह्याच बसप्पाच्या खांद्यावर सरांचा हात आहे. फोटो अजून भिंतीवर आहे.

८ जून
बसप्पा गेला. मी पेटी उचलून स्टँडपर्यंत गेलो. बी.कॉम.चं एकच वर्ष राहिलं होतं. म्हणाला, तुम एक अच्छा आदमी. मी कसला अच्छा? त्याच्यासाठी मी ऑफिसात तोंड उघडलं नव्हतं.
त्याची गुडघ्याला लावायची पट्टी खुंटीवरच राहिली. सरांना दाखवली. म्ह. — धुऊन ठेव, येईल कोणाला तरी.
शी.

१२ जून
वासूचं पत्र. बारावी पास झाला माझा भाऊ. आमच्या घरातला पहिला. लिहितो, दादा, मुंबईत कॉलेजात यायचं आहे. इथे युनिव्हर्सिटीकडून खेळला की बँकेत नोकरी लागते, हे गावात सगळ्यांना पाठ.
खेळतो झकास. भात कापलेल्या मळ्यात खेळून तयार झालेला पोरगा. पण फी? बाबा गेल्यापासून आई काजूच्या बिया सोलते. मी पाच वर्षांत चार नोकऱ्या बदलल्या. बिस्किटाची फॅक्टरी, वर्कशॉप, एक वॉचमनकी, आता हे. आता दुबईला जावं असं डोक्यात आहे, पासपोर्टचा फॉर्म आणून ठेवलाय. कुठेच पाय ठरत नाही. वासूचा ठरला तर

१४ जून
सरांना वासूचं सांगितलं. चहा घेऊन गेलो होतो, मूड बघून.
— कुठला म्हणालास?
— आमच्या गावचा. सिंधुदुर्ग.
— मग फी भरायची.
मी कप उचलला. सर म्ह. — थांब. गाव नेमकं कुठे?
— तेरेखोल नदीच्या काठाला. पलीकडे गोवा.
— पलीकडे कोण आहे तुमचं?
— मामा.
सर हसले. म्ह. — मग तो मामाकडे राहतो. लिही त्याला.
दर मे महिन्यात वासू मामाच्या गावच्या क्लबकडून दोन मॅचेस खेळतो, हे पण मीच सांगून टाकलं. कोणी विचारलं पण नव्हतं.
बसप्पाला जाऊन आठवडा नाही झाला. सगळं बघितलंय मी. तरी संध्याकाळी पोस्टात जाऊन पत्र टाकलं. किळस सरांची आली का स्वतःची, सांगता येत नाही.

२४ जून
वासू आला. एस.टी.त आंबोळ्यांचा डबा सांडलेला, अंगाला खोबऱ्याचा वास. मामाच्या क्लबचा कागद आणलाय, गोल शिक्का जांभळा. "सदर खेळाडू गोव्याचा रहिवासी."
शाळेचा दाखला मात्र आमच्या गावचा. क्लार्कने भुवई वर केली. सरांनीच समजावलं — घर त्या काठाला, शाळा ह्या काठाला, सीमेवर असंच असतं हो. क्लार्कने शिक्का मारला.
फी माफ. पाच मिनिटं लागली. मला इथे पर्मनंट करायचा अर्ज दोन वर्षं पडून आहे.
बाहेर आल्यावर सर म्ह. — आडनाव सेम आहे, असू दे. गवस गोव्यात पण ढिगाने आहेत. पण ग्राउंडवर दादा-बिदा हाका मारायच्या नाहीत. कळलं?
वासूने मान हलवली. मी पण.

१ जुलै
ट्रायल. चार दिवस शेडमधली माती चाळली, भुसा मिसळला, पाणी मारून दाबली, फक्कीच्या रेषा ओढल्या. आपल्या भावासाठी ओढतोय असं मनात येत होतं, तर रेषा वाकडी गेली. पुसून परत मारली.
वासूने पहिल्याच चढाईत दोघांना उठवलं. तिसऱ्या चढाईत चौघांच्या मधून माशासारखा निसटला. सर शिट्टी वाजवायचे विसरले. मी पाण्याच्या नळाकडे तोंड करून उभा राहिलो.
मढचा नितीन, कोळ्यांचा पोरगा, फी भरून शिकतो, दोन वर्षं सातात खेळतो. तो माझ्या बाजूला आला.
— बाळाभाऊ, हा गोव्याचा?
— हो.
— पडल्यावर मालवणीत आयमाय काढतोय. हा गोव्याचा, तर मी लंडनचा.
मी हसलो. तो नाही हसला. दुपारी लिस्ट लागली. सातात वासू. नितीन राखीव. लिस्ट पण मीच चिकटवली.

९ जुलै
प्रॅक्टिस चालू होती. वासू ओरडला — ओ ग्राउंडवाले, इथे माती सुटलीय, पाणी मारा जरा!
मारलं.
नंतर शेडमागे येऊन म्हणाला, दादा, रागावलंस नाय मां? सर बघित होते. मी म्हटलं, नाही रे, बरोबर केलंस. केळी दिली त्याला दोन.
पण ओरडताना जरा पण अडखळला नाही तो. कसं जमतं? मला तर अजून त्याच्या बनियनवरचा आकडा घेऊन "नाईन्टीन नंबर" म्हणून हाक मारताना जीभ वळत नाही.

२१ जुलै
वासूला बसप्पाचीच कॉट मिळालीय. आज गुडघ्याला पट्टी लावून आला. ती कोणाची ते मी सांगितलं, बसप्पाचं काय झालं ते पण सगळं.
म्हणाला, धुतलेली आहे ना?
मग म्हणाला, त्याने गुडघा सांभाळायला पाहिजे होता यार.
महिन्यात भाषा बदलली. यार.

११ ऑगस्ट, रवि.
मालाडला गावच्या खोलीवर मीटिंग. खोली मंडळाची. गावातून मुंबईला जो येतो तो पहिला इथेच पथारी टाकतो, मी पण पाच वर्षं इथेच. दाजीकाका सेक्रेटरी, मिल सुटल्यापासून तेवढंच काम त्यांना. श्रावणातल्या पूजेला गुणवंतांचे सत्कार करायचे. काका वहीत नाव लिहू लागले — कु. वासुदेव गवस.
मी म्हटलं, काका, त्याचं नको.
— नको कशाक? गावचो झील मुंबयत नाव काढता, आनी सख्खो भाव नको म्हणता?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणीतरी मागून — जळता रे तो! हशा.
सोळा माणसांसमोर काय सांगणार होतो? की तुमच्या गावचा झील कागदावर तुमच्या गावचा नाही? तिथे बोलायला पाहिजे होतं. काकांना बाजूला घेऊन तरी. नाही घेतलं.

१९ ऑगस्ट
वाट लागली.
साडेदहाला गेटवर दाजीकाका. इस्त्रीचं धोतर, काळी टोपी, बगलेत पत्रिकांचा गठ्ठा. मी शेडमध्ये होतो, मला कळेपर्यंत सरळ ऑफिसात. पूजेला प्रमुख पाहुणे म्हणून प्रिन्सिपॉलना आमंत्रण! आमच्या गावच्या पोराला फी माफ केलीत, तुमचे उपकार, असं हात जोडून बोलले म्हणे.
पत्रिकेत छापलंय: आपल्या गावचे सुपुत्र कु. वासुदेव गवस (कबड्डी). वर गाव, तालुका, जिल्हा. सगळं ठळक.
हेडक्लार्कने ती दोनदा वाचली आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.
जाताना काका मला भेटले, खूश. म्ह. — मोठो मनुष्य तुझो प्रिन्सिपॉल. खुर्ची दिल्यान माका.
काय बोलू ह्या माणसाला? मंडळाच्या पैशातून नाही, स्वतःच्या पैशाने बस करून आला होता.

२० ऑगस्ट
सरांनी बोलावलं. वाटलं, शिव्या देतील, वासूला काढतील, मला पण. मी तर मनातून तयार होऊन गेलो होतो. बरं होईल, सुटू, असंच वाटत होतं.
सर शांत. म्ह. — खोटं बोललास त्याचं काही नाही रे. पण ते पत्रिकेत छापतात का?
मी नाही, तुम्हीच सांगितलं होतं सर, असं ओठांवर आलं. गिळलं.
दुसऱ्या कॉलेजच्या हाती ही पत्रिका लागली तर आपली टीम बाद होते. त्याआधी कागद पक्का पाहिजे. सरांनी उपाय पण काढून ठेवलेला. वासू मामाला दत्तक गेलाय असं दाखवायचं. तो चौदाचा असताना. पंधरानंतर चालत नाही म्हणे. जुन्या तारखेचा स्टॅम्पपेपर मिळतो, टायपिस्ट ओळखीचा आहे.
दत्तक.
— आणि नाही केलं तर?
— मग फी भर. पहिल्या दिवसापासूनची. नाहीतर गावी पाठव.

२३ ऑगस्ट
कागद टाईप होऊन आला. नाव: वासुदेव यशवंत नाईक. बाबांचं नाव गेलं, आडनाव गेलं, मामाचं आलं. मामाने होकार कळवलाय, पलीकडच्या दुकानात फोन करून विचारलं सरांनी. मामाला तीन मुली. म्हणाला म्हणे, कागद केलो तर झील मी खरोच मानतलंय, मग परत मागू नकात.
देणारी म्हणून आईचा अंगठा पाहिजे. मी म्हटलं, आई गावी आहे, तिला विचारावं लागेल.
सर म्ह. — अंगठा कोण ओळखतो रे?
मग बोट ठेवून दाखवलं, खाली, साक्षीदार. म्ह. — सही मात्र तुझीच पाहिजे, खरी. क्लार्क ओळखतो तुझी सही, पगारपत्रकावर दर महिन्याला बघतो. सख्ख्या भावाने सही केली की विषय संपला.
म्हणजे सगळ्या कागदात खरी गोष्ट एकच असणार. माझी सही.

२५ ऑगस्ट, रवि.
पूजा. वासूला सरांनी पाठवलं नाही. सत्काराला नाव पुकारलं तर कोणी उठेना, मग मला ढकललं. शाल, नारळ. टाळ्या. प्रिन्सिपॉल अर्थातच आले नाहीत, त्यांची खुर्ची फुलं घालून तशीच.
प्रसाद खाताना दाजीकाकांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. आधी कळेचना. मग एकदम बसले पायरीवर. मला वाटलं, पत्रिकेचं वाईट वाटलं. वाटलं पण असेल. पण बोलले काय तर —
— म्हणजे बाबाची जमीन आता तुका एकट्याक रे!
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच नव्हतं. दत्तक गेला की त्याचा हिस्सा गेला. आता कोणाला सांगून पटणार? सही केली तर जमिनीसाठी केली. नाही केली तर भावाचं बरं बघवत नाही म्हणून.
तोंडात शिरा होता. खोलीच्या मागे जाऊन थुंकलो.

२७ ऑगस्ट
सरांना न विचारता आईला पत्र टाकलं होतं २० तारखेलाच. अजून उत्तर नाही. सर रोज विचारतात, झालं का? मी म्हणतो, उद्या.
शेडमध्ये नितीन भेटला. त्याला कळलंय. क्लार्कचा कोणीतरी त्याच्या वाडीत राहतो. म्हणाला, बाळाभाऊ, मी कोणाला दत्तक जाऊ? पंजाबमध्ये ओळख आहे का? मग रागाने नाही, सहजच म्हणाला, मी प्रोटेस्ट नाही करणार. तुझ्यासाठी नाय, तो खेळतो चांगला म्हणून.
ह्या सगळ्यात सरळ बोलणारा तेवढा एकच, आणि तो राखीव बसतो.

३१ ऑगस्ट
आईचं पत्र. शेजारच्या सुमनने लिहिलंय, पण शब्द आईचेच, जसेच्या तसे उतरवलेत.
"मियां माझो झील कोणाक देवूक नाय. भावाक पण नाय. कोण इचारीत तर तसाच सांगान."
खाली थोडी जागा सोडून —
"पण तेका शिकूक व्हया तर मियां काय करू. तू थोरलो. तूच बघ."
चार वेळा वाचलं. पहिल्या ओळीवर थांबलो असतो तर काम सोपं होतं.

२ सप्टेंबर
वासूला पत्र दाखवलं. शेडमागे, पाइपांच्या ढिगाऱ्यावर बसून. वाचून घडी घातली, परत दिली.
— कागदावरच ना दादा?
— आई काय म्हणते वाचलंस ना?
— आई शेवटी काय म्हणते ते तू वाच.
— उद्या तुझा गुडघा गेला तर? बसप्पासारखा?
— तर तेव्हाचं तेव्हा. आता काय करू? परत जाऊन मळ्यात खेळू? तू तर सातवीत सुटलास, तुला काय फरक पडतो.
मी पत्र खिशात घातलं. तोच मग खाली बघत म्हणाला, तसं नव्हतं म्हणायचं. आणि थोड्या वेळाने, आवाज बारीक करून —
— दाजीकाका सांगत होते जमिनीचं. घे तू. मला नको.
म्हणजे त्यांनी ह्याच्यापर्यंत पण पोचवलं. आणि ह्याने ते मनात हिशोबाला धरलं. मला दिल्यासारखं केलं त्याने. लाच. माझ्याच भावाने, मलाच, बाबांची जमीन.
एक कानाखाली वाजवावी असं वाटलं. हात उचलला नाही. ग्राउंडवाला खेळाडूवर हात उचलत नाही.

४ सप्टेंबर
सरांनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला. स्वतःच्या हाताने, शर्टाच्या खिशात, वर थोपटलं पण. म्ह. — उद्या अकरापर्यंत. परवा मॅच आहे. मग तुझ्या पर्मनंटच्या अर्जाचं पण बोलतो वर.
हे मी मागितलं नव्हतं. आता सही केली तर त्याच्यासाठी पण केली असं होणार. एकाच सहीला किती कारणं चिकटवणार हे लोक.
दुबईचा फॉर्म काढून बघितला. त्यात पण भाऊ-बहिणींचा रकाना आहे.

५ सप्टेंबर
सकाळी माती उकरली, पाणी मारलं, रेषा मारल्या. साडेनऊला प्रॅक्टिस. कागद खिशात, घामाने ओला व्हायला लागला म्हणून काढून रुमालात ठेवला. क्लार्क ऑफिसच्या खिडकीतून दोनदा बघून गेला. साडेदहा झाले तरी सही नाही.
मनाशी असं धरलं की वासू एकदा माझ्याकडे बघेल. नुसता बघेल. मग काय ते ठरवू.
वासू चढाईला गेला. समोर नितीन, उजव्या कोपऱ्याला. डावीकडून तिघं साखळी करून मागे येत होते, त्याच्या नजरेत नव्हते. मी ओरडणार होतो. दादाने ओरडायचं नाही म्हणून थांबलो. तेवढ्यात सर ओरडले —
— नाईक! डावीकडे!
मला वाटलं, कोणाला म्हणतायत? टीममध्ये नाईक कोणी नाही.
वासू डावीकडे वळला. लगेच.